फळाचा धनी कोण?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आमचे शाळेचे शिक्षण नववीत आटोपले. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा ‘कथा-चित्रपटांतील नायक’ हा विषय चालकांनी एका कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याकडे का सोपवला, असा प्रश्न आपणांस पडला असेल. आम्हांलाही तो पडला होता. परंतु विचार करता ध्यानात आले की, गेली तीस वर्षे आम्ही दुसरे केले तरी काय? फाटकसभेत उभे राहून गोष्टीच सांगितल्या. कुणाचे नुकसान झाले, ते कुणी केले, कोण लढले आणि अखेरीस कुणाच्या पदरात काय पडले, ही गोष्टच ना? आणि गोष्टीत नायक कुणाला करावे याबाबत आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती आम्ही शेवटी सांगणार आहोत. आधी विषयाकडे वळू.

नायक हा शब्द ‘नेणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला. जो नेतो तो नायक. आपणांस आसनावरून उचलून तो कथेच्या शेवटापर्यंत नेतो. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रकारांनी तर याहून नेमकी गोष्ट सांगून ठेवली आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपका’त कथावस्तूचे दोन भाग केले आहेत : एक आधिकारिक आणि दुसरा प्रासंगिक. अधिकार म्हणजे काय? तर फळाची मालकी. कथेच्या शेवटी जे फळ मिळायचे त्याचा जो धनी, त्याची कथा ती आधिकारिक. आणि त्याच्या कामी येणाऱ्या इतरांच्या कथा त्या प्रासंगिक. रामाची कथा आधिकारिक, सुग्रीवाची प्रासंगिक. पूल वानरांनी बांधला, पण कथा त्यांची नव्हे. त्यांतल्या एखाद्या नळाचे नाव आपल्या ध्यानात राहते, इतकेच.

वाचनालयात हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही बाकावर सरसावून बसलो. हजार वर्षांपूर्वीच्या या पंडिताने आमच्याच धंद्यातला प्रश्न विचारला होता : फळाचा धनी कोण?

नायक एकदा ठरला की चार गोष्टी आपोआप ठरतात. गोष्ट कुठे सुरू करायची, कशाला घटना म्हणायचे, आड कोण येतो, आणि कुठे थांबायचे. विषय तोच ठेवून नायक बदलला तर गोष्टीचा निवाडाच बदलतो. याचे उदाहरण आपल्या मराठीतच आहे.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्याला द्यायला निघतो. समाजाला हलवून सोडणारे हे नाटक. तथापि यात हालचाल कोण करतो ते पाहा. कोदंड नावाचा तरुण धडपडतो, गोत्र एकच निघाल्याने विवाह मोडतो, आणि जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंडच वाचवतो. नाटकाला नाव शारदेचे, तिच्या दुःखाने आपले डोळे भरतात, पण तिची सुटका बाहेरून येते. 

आता प्रभातचा ‘कुंकू’ घ्या. साल १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कादंबरी ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’. प्रश्न तोच जरठ-कुमारी विवाहाचा. पण इथे लग्न मोडत नाही. ते फसवून लागते, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. शांता आपटे यांनी रंगवलेली नीरा त्या घरात राहून हे लग्न मानायला नकार देते. सोडवायला कुणी कोदंड येत नाही. नकार तिचा, हट्ट तिचा, त्याची किंमत मोजणारीही तीच. आणि गंमत अशी की, त्यामुळे केशवराव दाते यांनी उभे केलेले वृद्ध वकील काकासाहेबही निव्वळ खलपुरुष राहत नाहीत. तिच्याशी रोज समोरासमोर पडल्यामुळे त्यांना स्वतःकडे पाहावे लागते. जिची आजवर कीव करायची, ती नायिका झाली की तिच्या समोरचा माणूसही बदलतो. अडतीस वर्षांत प्रश्न तोच राहिला, परंतु उत्तर शोधण्याचा हक्क मुलीकडे आला.

आता आमच्या लहानपणाची गोष्ट. गणेशोत्सवात आमच्या गल्लीत रस्त्यावर पडदा लावून सिनेमे दाखवीत. पोते अंथरून आम्ही ‘दीवार’ पाहिला. यश चोप्रा दिग्दर्शक, सलीम-जावेद यांची पटकथा, साल १९७५. आजही आमचा तो आवडता चित्रपट आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची टीका आपणांस कडवट वाटेल.

चित्रपटाच्या आरंभी खाणकामगारांचा लढा आहे. आनंदबाबू त्यांचे पुढारी. मालक त्यांची बायकामुले ताब्यात घेतो, आणि त्यांच्या जीवासाठी आनंदबाबू नको त्या कागदावर सही करतात. कामगार त्यांना गद्दार ठरवतात, ते परागंदा होतात, आणि मुलाच्या हातावर बापाची बदनामी कायमची गोंदली जाते. तिथून गोष्ट त्या मुलाची, विजयची होते. उत्तम. पण आम्ही आपणांस विचारतो : त्या खाणकामगारांचे पुढे काय झाले? त्यांच्या मागण्यांचे काय झाले? त्या करारावर ते किती वर्षे राबले? चित्रपट पुन्हा तिकडे वळत नाही. विजय नायक ठरला त्या क्षणी संप ही त्याच्या जखमेची पार्श्वभूमी झाली. शेकडो माणसांच्या पोटाचा प्रश्न प्रासंगिक ठरला.

पुढे गोदीतला प्रसंग येतो. हमालांकडून गुंड हप्ता घेतात. एक पोरगा नाही म्हणतो आणि ट्रकखाली जातो. मग विजय नाही म्हणतो. गोदामाचे दार आतून बंद करून एकटा सगळ्यांना लोळवतो. आम्ही पोत्यावरून उठून शिट्ट्या मारल्या. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की, ज्यांचा हप्ता जात होता ते सारे हमाल त्या वेळी दाराबाहेर उभे होते. दार बंद, किल्ली आत, आणि आपली माणसे बाहेर ताटकळत. विजय बाहेर आल्यावर जयजयकार करणे एवढेच काम त्यांना लेखकाने दिले होते.

कुणी म्हणेल, मग नायकच काढून टाका. तोही प्रयोग झालेला आहे. रशियात सर्गेई आयझेनस्टाईन याने १९२५ साली ‘स्ट्राइक’ नावाचा मूकपट काढला. एका कामगारावर चोरीचा खोटा आळ येतो, तो गळफास घेतो, आणि कारखाना बंद पडतो. यात एक असा नायक नाही. समुदाय हाच नायक. मुळात संपाचीच गोष्ट असल्यामुळे संप कुणाची पार्श्वभूमी होत नाही. आम्ही तो मोठ्या आदराने पाहिला. परंतु खरे सांगायचे तर घरी जाताना आमच्या मनात त्यांतले एकही माणूस सोबत आले नाही. गर्दी आली, मुठी आल्या, शेवटची भयंकर कत्तल आली. पण अमक्याचे लेकरू रात्री काय जेवले असेल, ही काळजी लागली नाही. माणसाचे काळीज एका वेळी एका माणसात गुंतते. आपल्या दृष्टीने ही उणीव असेल. पण गोष्टीला तिच्यावरच उभे राहावे लागते.

तेव्हा नायक हवा. प्रश्न इतकाच की, त्याच्या खांद्यावरून आपल्याला किती जग दिसते. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभू हा एकच शेतकरी नायक आहे. जमीनदाराला त्याच्या तुकड्यावर गिरणी उभारायची आहे. कर्ज पासष्ट रुपयांचे असे शंभू समजतो, ते २३५ रुपये निघते. फेडायला तीन महिने. कलकत्त्याला जाऊन तो हातरिक्षा ओढतो. बलराज सहानींचा तो शंभू कुणालाही लोळवीत नाही. पण त्याच्यामागून चालताना आपल्याला सावकारी दिसते, कोर्ट दिसते, शहराचा पदपथ दिसतो, रिक्षा ओढणारे इतर म्हातारे दिसतात. अखेरीस तो गावी परततो, तेव्हा जमिनीवर कारखान्याचे काम चाललेले असते, आणि उचललेली मूठभर मातीही पहारेकरी त्याला टाकायला लावतो. फळ मिळालेच नाही. तरीही कथेचा अधिकारी तोच आहे. फळ खऱ्या धन्याच्या हाती न पडता दुसऱ्याने नेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले, म्हणून उठताना गळ्यात आवंढा येतो. एका माणसाची गोष्ट सांगून लाखोंची सांगता येते, ती अशी.

आता आमची चूक.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली. दीड महिना चालली. शेवटी मालक नमला, सगळे कामावर गेले. विजयसभेत आम्ही तासभर बोललो. व्यवस्थापनाच्या टेबलावर आम्ही मूठ कशी आपटली, मजूर आयुक्तांच्या कचेरीत कलम कसे दाखवले, पाकीट पुढे सरकवणाऱ्या मध्यस्थाला कसे वाटेला लावले. सगळे खरे होते. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर पॅकिंग खात्यातली एक वयस्क बाई चहाचा पेला हातात देत म्हणाली, “गोष्ट लई चांगली सांगितली भाऊ. पण तिच्यात आमी कुठं व्हतो?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. ती हसली नाही. तिने बोटे मोडून एकेक सांगितले. फाटकावरची चूल कुणी चालवली. वाण्याकडून उधार पीठ कुणाच्या शब्दावर आले. कुणाकुणाची मंगळसूत्रे सावकाराकडे गेली. आणि पंचविसाव्या रात्री दोन वाजता मालकाने यंत्रे हलवायला ट्रक आणले, तेव्हा तिने आणि आणखी नऊ बायकांनी चाकांपुढे बसकण मारली. ट्रक परत गेले. यंत्रे गेली असती तर टेबलावर मूठ आपटून काय उपयोग होता? लढा त्या रात्री जिंकला गेला. आणि त्या रात्री आम्ही घरी झोपलो होतो. जिथे आम्ही नव्हतो, तो प्रसंग आमच्या गोष्टीत नव्हता. आम्ही सुग्रीवालाही जागा दिली नव्हती.

आपण म्हणाल, एका भाषणाने काय बिघडते? तेच सांगायचे आहे. तीच गोष्ट आम्ही दरसाल सांगत गेलो, आणि लोक ती शिकले. दोन वर्षांनी कावीळ होऊन आम्ही महिनाभर अंथरुणाला खिळलो. नेमक्या त्या महिन्यात व्यवस्थापनाने कंत्राटावरच्या अकरा हमालांना काढून टाकले. फाटकावर कुणी चूल मांडली नाही. कुणी बसले नाही. आम्ही बरे होऊन गेलो आणि विचारले, तुम्ही थांबलात का? उत्तर मिळाले, “भाऊ, तुम्ही आजारी होता ना.” त्यांत ट्रकपुढे बसलेल्या बायकाही होत्या. जे त्यांनी स्वतः एकदा केले होते, ते आपल्याला करता येते हेच आमच्या गोष्टीने त्यांना विसरायला लावले होते. गोदामाचे दार आम्ही आतून लावून घेतले होते. त्या अकरांपैकी एकही परत कामावर लागला नाही. ते अकरा चेहरे आमच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीत.

त्यानंतर आम्ही रिवाज बदलला. लढा संपला की हकीकत एकट्याने सांगायची नाही. चुलीची हकीकत चूल चालवणारीने सांगायची, रात्रीची हकीकत रात्री जागलेल्याने. आम्ही आमची टेबलावरची दहा मिनिटे सांगून खाली बसतो. सभा लांबते, कुणी अडखळते, कुणी मध्येच रडते. ऐकायला पहिल्याइतकी रंगतदार होत नाही, हेही कबूल. पण गेल्या काही वर्षांत असे दोनदा घडले की, आम्ही परगावी असताना लोक आपणहून फाटकावर बसले, आणि आम्हांला ते दुसऱ्या दिवशी कळले. त्या दिवशी आम्हांला थोडे वाईट वाटले, आणि पुष्कळ बरे वाटले.

लेखकांनी काय लिहावे, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण आपण श्रोते आहोत, प्रेक्षक आहोत, आणि घराघरांत गोष्टी सांगणारेही आपणच आहोत. घर कुणी बांधले, संसार कुणी वर आणला, गावात शाळा कुणी आणली, याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. त्यांत बहुधा एकच नायक असतो. आज रात्री जेवताना घरातली अशी एक गोष्ट पुन्हा सांगून पाहा, आणि त्या वेळी ट्रकपुढे कोण बसले होते, असे एकदा विचारा. उत्तर देणारे माणूस कदाचित तुम्हांला वाढत असेल.