सोबत आणि मुळे : हट्टीचे सोने आणि भोवतालचा ग्रॅनाइट



1915 साली सी. बीडन नावाचे खाण अभियंते रायचूर जिल्ह्यात मस्कीच्या परिसरात सोन्याचा शोध घेत होते. तेथे एका खडकावर त्यांना कोरलेली अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला. ‘देवानांपिय’ म्हणवणाऱ्या राजाचे ‘अशोक’ हे नाव त्याच्या स्वतःच्या शिलालेखांत प्रथम सापडले ते येथे. सोने शोधणाऱ्याला शब्द सापडले! भाषेच्या व्यासपीठावरून दगडांविषयी बोलायला मला एवढा आधार पुरेसा आहे.

मस्कीच्या खडकांचा पट्टा हट्टीपर्यंत जातो आणि हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे. 1956 पर्यंत रायचूर, मराठवाडा आणि हे हैदराबाद एकाच राज्यात होते. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

हट्टीत सोने मिळते ते गारगोटीच्या शिरांत आणि त्यांना लागून असलेल्या गडद, दाबाखाली चिरडलेल्या खडकात. हा गडद खडक म्हणजे उष्णता आणि दाब यांनी पालटलेला जुना लाव्हा. या पट्ट्याच्या भोवती ग्रॅनाइट पसरलेला आहे. त्यामुळे वर्गात सहज सांगितले जाते की ग्रॅनाइट आला आणि त्याने सोने आणले. माझे आजचे म्हणणे या एका वाक्याविषयी आहे. सोने ग्रॅनाइटसोबत आले की ग्रॅनाइटमुळे आले? ‘सोबत’ आणि ‘मुळे’ ही दोन शब्दयोगी अव्यये आपण शाळेतच शिकतो, पण विज्ञान लिहिताना त्यांची गल्लत करतो.

‘सोबत’ ठरवायचे तर वय मोजावे लागते. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन या खनिजाचे बारीक कण असतात. हा स्फटिक बनताना थोडे युरेनियम आत घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचे ठरलेल्या गतीने शिसे होत जाते. युरेनियम 238 निम्मे व्हायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात, तर युरेनियम 235 निम्मे व्हायला सुमारे 70 कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळे चालतात आणि एक दुसऱ्याची चूक दाखवते.

सोन्यात असे घड्याळ नाही. म्हणून सोन्याबरोबर त्याच उष्ण पाण्यातून वाढलेले एखादे खनिज शोधावे लागते. हट्टीत ते काम मोनाझाइटने केले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि ऑस्ट्रेलियातील त्यांचे सहकारी यांनी या कणांचे वय काढले. ते सुमारे 255 कोटी वर्षे आले. शेजारच्या कवितालच्या ग्रॅनाइटचे वयही साधारण तेवढेच आहे.

मग ‘सोबत’ सिद्ध झाले का? बऱ्याच अंशी झाले. पण अशा मोजणीत एखाद्या कोटी वर्षांचा फरक धरावा लागतो आणि ग्रॅनाइटचा गोळा तर काही लाख वर्षांतही थंड होऊ शकतो. तेव्हा कोण आधी आणि कोण नंतर, हे त्या कोटी वर्षांच्या आड झाकलेले राहते. शिवाय एका वयाची असली म्हणजे ती मायलेकरे नव्हेत. ती भावंडेही असू शकतात.

येथे रसायनशास्त्राकडे वळावे लागते. 1974 साली चॅपेल आणि व्हाइट यांनी ग्रॅनाइटचे त्याच्या मूळ खडकावरून दोन प्रकार केले : अग्निजन्य खडक वितळून झालेला आणि गाळाचे खडक वितळून झालेला. 1977 साली जपानच्या इशिहारांनी मॅग्नेटाइट असलेले आणि इल्मेनाइट असलेले ग्रॅनाइट वेगळे काढले. तांबे आणि त्यासोबतचे सोने बहुधा पहिल्या गटाजवळ मिळते, कथील दुसऱ्याजवळ. धारवाडच्या पूर्व भागातील काही ग्रॅनाइटांत मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम एकत्र जास्त आढळतात. त्यांच्या घडणीत कवचाखालच्या प्रावरणाचाही वाटा होता, असे त्यावरून दिसते.

यातून तिसरी शक्यता पुढे येते. खालून आलेल्या उष्णतेने कवच वितळले आणि ग्रॅनाइट झाला. त्याच उष्णतेने खोल गाडलेल्या खडकांतून गंधकयुक्त पाणी बाहेर पडले. सोने गंधकाशी बांधले जाऊन त्या पाण्यातून भेगांवाटे वर आले. लोहयुक्त गडद खडकाने गंधक ओढून घेतले आणि सुटलेले सोने तेथेच बसले. सामान्य खडकात टनामागे काही मिलिग्रॅम सोने असते, खाणीत काही ग्रॅम. म्हणजे सुमारे हजारपट. या मांडणीत ग्रॅनाइट हा सोन्याचा बाप ठरत नाही, थोरला किंवा धाकटा भाऊ ठरतो.

याचा एक साधा पडताळा या शहरातच आहे. गोवळकोंड्याचा किल्ला ज्यावर उभा आहे आणि बंजारा हिल्सच्या ज्या शिळांभोवती आपण घरे बांधली, तो ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा आहे. वय जवळपास तेच, दगडही त्याच कुळातला. पण येथे सोन्याची खाण नाही. गोवळकोंड्याची कीर्ती हिऱ्यांची, आणि तेही कृष्णेच्या खोऱ्यातून आलेले. नुसता ग्रॅनाइट पुरेसा असता तर हैदराबादच्या प्रत्येक टेकडीला खाण लागली असती.

म्हणून शिक्षकांना आणि अनुवादकांना माझी एकच विनंती आहे. वयाचा पुरावा असेल तेथे ‘सोबत’ लिहावे. ‘मुळे’ लिहिण्याआधी रसायनाची साक्ष मागावी, आणि ती अपुरी असेल तर तसे वाक्यात येऊ द्यावे. ‘असावे’ हे क्रियापद मराठीत त्यासाठीच आहे. ते वापरल्याने विज्ञान दुबळे होत नाही. विद्यार्थी एकदा ‘मुळे’ पाठ करून बसला की पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि खरे नुकसान होते ते तेथे.

प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी वाचली आणि 1837 साली टर्नर यांनी सिंहली बखरींच्या आधारे ‘देवानांपिय’ म्हणजे अशोक अशी ओळख पटवली. ती बरोबर होती. तरी त्याच्या स्वतःच्या शिलालेखात ते नाव मिळायला 1915 उजाडावे लागले. हट्टीच्या सोन्याचे कूळ तसेच दगडावर वाचायचे आहे, आणि तोवर आपण ‘असावे’ म्हणावे.