साथीच्या मुळाशी जाणारा डॉक्टर



पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर एक बातमी हमखास दिसू लागते. अमुक तालुक्यातल्या एका गावात तीस-चाळीस जणांना जुलाब-उलट्या, काही जण ग्रामीण रुग्णालयात दाखल, वैद्यकीय पथक गावात तळ ठोकून. पथकातले डॉक्टर सलाईन लावतात, ओआरएसची पाकिटं वाटतात, हे गावाला दिसतं. त्याच पथकात आणखी एका माणसाची गरज असते. ही साथ आली कुठून, ती पसरते कशी आणि उद्याचा रुग्ण आजच कसा वाचवता येईल, हे शोधणाऱ्या डॉक्टरची. या शोधाच्या शास्त्राला क्षेत्रीय साथरोगशास्त्र म्हणतात. हा डॉक्टर घडतो कसा आणि त्याच्या प्रशिक्षणावर आपण मनापासून लक्ष का द्यायला हवं, हे आज मला सांगायचं आहे.

आधी त्याचं काम समजून घेऊ. गावात पोहोचल्यावर पहिला प्रश्न असतो, ही खरोखर साथ आहे का? त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राची जुनी रजिस्टरं काढायची. गेल्या तीन-चार वर्षांत याच महिन्यात किती रुग्ण होते ते पाहायचं. नेहमी पाच असतात आणि यंदा चाळीस आहेत, तर साथ नक्की. मग रुग्ण कुणाला म्हणायचं, हे ठरवायचं. उदाहरणार्थ, अमुक तारखेनंतर या गावात राहणाऱ्या ज्या माणसाला चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झाले, तो रुग्ण. ही व्याख्या पक्की नसेल, तर एक कार्यकर्ती पोटदुखीही मोजते आणि दुसरी फक्त दवाखान्यात गेलेलेच मोजते. मग आकड्यांना काही अर्थच राहत नाही.

त्यानंतर आशाताई आणि आरोग्य सेवकांना बरोबर घेऊन घरोघर फिरायचं आणि यादी करायची. नाव, वय, कुठली आळी, जुलाब कोणत्या दिवशी सुरू झाले, पाणी कुठलं. यादीवरून तारखांप्रमाणे आलेख काढला की साथ बोलू लागते. रुग्ण एकदम दोन दिवसांत उसळले आणि ओसरले, तर सगळ्यांना एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी बाधा झाली असावी. संख्या हळूहळू, टप्प्याटप्प्यानं वाढत गेली, तर आजार माणसाकडून माणसाकडे जात असावा. गावाच्या नकाशावर प्रत्येक रुग्णाच्या घरी ठिपका दिला की ठिपके कुठे दाटले आहेत, तेही समोर येतं.

आणि मग येतो या शास्त्राचा गाभा. आजारी माणसांना तर सगळेच विचारतात. हा डॉक्टर जे आजारी पडले नाहीत, त्यांच्याकडेही जातो. समजा, गावात पाण्याच्या दोन टाक्या आहेत. वरच्या आळीच्या टाकीचं पाणी पिणाऱ्या 400 जणांपैकी 8 आजारी पडले, म्हणजे शंभरात दोन. खालच्या आळीच्या टाकीचं पाणी पिणाऱ्या 400 जणांपैकी 60 आजारी पडले, म्हणजे शंभरात पंधरा. साडेसात पट फरक! आता संशय कुठे घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको. फक्त आजाऱ्यांनाच विचारलं असतं, तर सगळ्यांनी भाकरी खाल्ली एवढंच कळलं असतं. भाकरी तर बरे असलेल्यांनीही खाल्ली होती.

मग खालच्या टाकीपाशी जायचं. ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन आहे का, ते पाहायचं. ग्रामपंचायतीकडे पाणी शुद्ध करणाऱ्या टीसीएल पावडरीचा साठा आहे का, ती किती जुनी आहे, जलसुरक्षक रोज किती टाकतो, हे विचारायचं. पाइपलाइन गटारातून जाते का, व्हॉल्व्हजवळ गळती आहे का, हे चालत जाऊन डोळ्यांनी पाहायचं. पाण्याचे आणि शौचाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नसतं. संशय बळावला की पुरवठा थांबवायचा, टँकर लावायचा, पाणी उकळून पिण्याची दवंडी द्यायची. पुरावा गोळा करणं आणि माणसं वाचवणं, दोन्ही एकाच वेळी चालतं.

श्रोतेहो, एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात डॉक्टर समोरच्या एका रुग्णाला तपासायला शिकतो. जनआरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर साथरोगशास्त्राची तत्त्वं आणि गणितं शिकतो. पण घाबरलेल्या गावात, सरपंच एक सांगतोय, पत्रकार दुसरं विचारतोय, वरून तासातासाला फोन येतोय, अशा वेळी कोणता प्रश्न आधी विचारायचा, हे पुस्तकातून येत नाही. आपल्याकडे मुलाला पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधून विहिरीत सोडतात, आणि दोराचं दुसरं टोक धरून जाणता माणूस काठावर उभा असतो. क्षेत्रीय साथरोगशास्त्राचं प्रशिक्षण नेमकं असंच असतं. जबाबदारी खरी, साथ खरी आणि पाठीशी अनुभवी मार्गदर्शक.

या पद्धतीची सुरुवात 1951 साली अमेरिकेत झाली. कोरियाचं युद्ध सुरू होतं, शत्रू जंतूंचा हत्यारासारखा वापर करेल अशी भीती होती. तेव्हा अलेक्झांडर लँगम्यूर या साथरोगतज्ज्ञांनी ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ उभी केली. तरुण डॉक्टरांना दोन वर्षांसाठी घ्यायचं, थोडं वर्गात शिकवायचं आणि साथ आली की तिथे पाठवायचं. या सेवेचं बोधचिन्ह म्हणजे बुटाचा झिजून भोक पडलेला तळवा. पायपीट हाच या विद्येचा पाया आहे, हे त्यातून सांगितलं आहे. पुढे अनेक देशांनी आपापले कार्यक्रम सुरू केले. उत्तर अमेरिकेबाहेर पहिला कार्यक्रम 1980 मध्ये थायलंडनं उभा केला.

भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेनं 2001 साली दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. राज्यांच्या आरोग्य सेवेतले डॉक्टर तिथे येतात. ठरावीक काळ चेन्नईत वर्ग होतात आणि बाकीचा मोठा काळ क्षेत्रावर, प्रत्यक्ष कामात जातो. 2012 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात भारताची स्वतःची एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू झाली. तिथेही दोन वर्षांची नेमणूक असते आणि त्यातला साधारण तीन चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष कामात जातो.

या नेमणुकीत डॉक्टरनं काय करायचं असतं? साथींचा तपास करायचा आणि त्याचा अहवाल लिहायचा. रोग सर्वेक्षणाची एखादी यंत्रणा तपासून ती कुठे कमी पडते, ते दाखवायचं. सर्वेक्षणात जमलेली आकडेवारी चाळून त्यातून अर्थ काढायचा. आरोग्याच्या एखाद्या प्रश्नावर स्वतः आराखडा करून अभ्यास करायचा. तो तज्ज्ञांपुढे मांडायचा आणि प्रसिद्धीसाठी लिहायचा. प्रत्येक टप्प्यावर मार्गदर्शक कागद परत पाठवतो, प्रश्न विचारतो. हे कशावरून म्हणता? बऱ्या माणसांना विचारलंत का? तुमच्या शिफारशीनं गावात उद्या सकाळी काय बदलेल? या प्रश्नांना उत्तरं देता देता डॉक्टर घडतो.

अशा प्रशिक्षणातून काय हाती लागतं, याचं एक उदाहरण बिहारमधलं आहे. मुझफ्फरपूर जिल्ह्यात 1995 पासून दर उन्हाळ्यात मुलं दगावत होती. संध्याकाळपर्यंत हसतखेळत असलेलं मूल पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडायचं. मेंदूज्वराचा कुठला तरी विषाणू असावा, असा सर्वांचा कयास. 2013 आणि 2014 मध्ये राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या पथकानं, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांसह, शिस्तीत तपास केला. त्या कामात भारतीय सेवेतले प्रशिक्षणार्थी डॉक्टरही होते. 2014 च्या मे ते जुलैमध्ये दोन रुग्णालयांत अशी 390 मुलं दाखल झाली आणि त्यांतली 122 मृत्यू पावली.

पथकानं आधी आजारी मुलं नीट पाहिली. कित्येकांना ताप नव्हता. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात संसर्गाची खूण सापडत नव्हती. रक्तातली साखर मात्र बहुतेकांची फार खाली गेलेली होती. मग 104 आजारी मुलांची त्याच वयाच्या, या आजारानं न पछाडलेल्या 104 मुलांशी तुलना केली. आदल्या चोवीस तासांत काय खाल्लं, बागेत गेलं होतं का, रात्री जेवलं होतं का, असे साधे प्रश्न. दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. आजारी मुलांनी तुलनेतल्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात लिची खाल्ली होती आणि त्यांच्यापैकी अनेकजण रात्री न जेवता झोपले होते.

मुझफ्फरपूर हा लिचीच्या बागांचा जिल्हा. लिची ही आपल्या रिठ्याच्या कुळातली. याच कुळातल्या अकी नावाच्या फळात हायपोग्लायसिन हे द्रव्य असतं आणि वेस्ट इंडीजमध्ये त्यापासून होणारा आजार पूर्वीपासून माहीत होता. उपाशी शरीर चरबी जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर साखर तयार करू पाहतं, तेव्हा हे द्रव्य त्या कामात आडवं येतं. लिचीतही हायपोग्लायसिन आणि त्याच जातीचं दुसरं द्रव्य सापडलं. तपासलेल्या 73 आजारी मुलांपैकी 48 जणांच्या लघवीत त्यांची खूण मिळाली. तुलनेसाठी घेतलेल्या 15 मुलांपैकी एकाच्याही लघवीत ती नव्हती. भरल्या पोटी लिची खाणारं धडधाकट मूल सहसा तरून जात होतं. गरिबाघरचं कुपोषित मूल दिवसभर बागेत लिची खाऊन उपाशीपोटी झोपलं, की पहाटे त्याच्या मेंदूला साखरच मिळत नव्हती.

यातून निघालेल्या शिफारशी बघा किती साध्या होत्या. मुलांना रात्री जेवू घालूनच झोपवा. लिची कमी खाऊ द्या. आणि मूल बेशुद्ध आलं, की रक्तातली साखर तपासून ती लगेच भरून काढा. पुढच्या दोन वर्षांत रुग्ण बरेच घटले. 2019 मध्ये मात्र त्याच भागात पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली. तपासाची शिफारस दरवर्षी, प्रत्येक गावात आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात पाळली जायला हवी, हा त्याचा धडा आहे.

आपल्या राज्यालाही असे धडे मिळाले आहेत. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या वर्षी, 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या बातमीनं लाखो लोक शहर सोडून पळाले. रोगापेक्षा भीतीनं देशाचं फार मोठं नुकसान केलं. त्यानंतर देशात रोग सर्वेक्षणाची यंत्रणा उभी राहू लागली आणि 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. अगदी अलीकडे, जानेवारी 2025 मध्ये, पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या दुर्मीळ आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. तेव्हाही घरोघर सर्वेक्षण, पाण्याचे नमुने, रुग्णांच्या घरांचा नकाशा, याच कामावर सगळी भिस्त होती.

आता प्रश्न उरतो, अशी किती माणसं लागतात? जागतिक पातळीवर धरलेलं माप असं आहे की दर दोन लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ हवा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. म्हणजे आपल्याला साडेपाचशेहून अधिक तज्ज्ञ हवेत. राज्यात 358 तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला एक आणि मोठ्या तालुक्यांना दोन-तीन, असा हा हिशोब. सगळ्यांनी दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं, असं नाही. तालुका पातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी तीन महिन्यांचं प्राथमिक प्रशिक्षण असतं, त्यात ते आपलं काम सांभाळूनच शिकतात. जिल्हा पातळीसाठी साधारण वर्षभराचं मधलं प्रशिक्षण असतं. दोन वर्षांचं प्रगत प्रशिक्षण घेतलेले लोक या सर्वांचे मार्गदर्शक होतात. हे तीनही थर भरलेले असले, तरच यंत्रणा उभी राहते.

म्हणून माझं तीन ठिकाणी सांगणं आहे. राज्याच्या आरोग्य प्रशासनाला आणि जिल्हा परिषदांना विनंती, की प्रशिक्षणासाठी डॉक्टर सोडा. दोन वर्षं पद रिकामं राहण्याची अडचण खरी आहे, पण साथीत गेलेले जीव त्याहून महाग आहेत. आणि तो शिकून परतला, की त्याला साथरोगाच्याच कामावर नेमा. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तरुण डॉक्टरांना आग्रह, की या वाटेचा विचार करा. इथे तुम्ही बरे केलेले रुग्ण मोजता येणार नाहीत, कारण ते आजारीच पडलेले नसतील. आणि तुम्हा श्रोत्यांना एक सांगणं. उद्या तुमच्या दारी आशाताई किंवा डॉक्टर येऊन विचारतील, परवा काय खाल्लंत, पाणी कुठलं भरता, घरात कुणाला त्रास झाला? घरात सगळे ठणठणीत असले तरीही त्यांना दारातून परत पाठवू नका. जे आठवतं ते खरं सांगा. साथीचं मूळ सापडायला आजारी माणसाच्या उत्तराइतकंच तुमचं उत्तरही लागतं.