एकाच बैठकीची दोन आवतणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने ऑफिसच्या कॅलेंडरविषयी बोलावे, याचे काहींना हसू येईल. परंतु माझी लेक पुण्याच्या एका कंपनीचे काम अमरावतीस घरी बसूनच करते. आणि आता मंडळाची व बचत गटांची आवतणेही फोनमध्येच येऊ लागली आहेत. तेव्हा हा विषय आपल्या ओट्यापर्यंत आलेला आहे.

लग्नात वधूपक्षाची आणि वरपक्षाची, अशा दोन पत्रिका एकाच घरी येतात. पत्रिका दोन, पण पंगतीत पान एकच, हे आपल्याला कळते. फोनला कळत नाही. अशा प्रत्येक आवतणाला आतून एक क्रमांक असतो. १९९८ साली ठरलेल्या व २००९ साली सुधारलेल्या 'आयकॅलेंडर' नावाच्या नियमांप्रमाणे हे चालते. क्रमांक तोच असला की बोलावणारीने केलेला बदल जुन्याच नोंदीत होतो. क्रमांक निराळा असला, तर नाव, वेळ, जागा सारखी असूनही फोन ती दुसरीच बैठक समजतो.

हे घडते कसे? आवतण आलेले असते, तरी विसरू नये म्हणून बाई तीच बैठक स्वतःच्या हाताने पुन्हा टिपते. कुणाच्या फोनवर घरचे व कामाचे अशी दोन खाती असतात, आणि बोलावणे दोन्हीकडे जाते. कधी बोलावणारीच दिवस बदलताना जुने आवतण न सुधारता नवे धाडते.

यात बिघडले काय, असे म्हणाल. बडनेऱ्याकडील एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना अकोल्यास बैठकीला जायचे होते. बैठक बुधवारची गुरुवारवर गेली. आलेले आवतण आपोआप बदलले, पण हाताने टिपलेले तसेच राहिले, आणि सकाळी घंटी वाजली ती त्याचीच. बाई गाडीने अकोल्यास पोचल्या, तो दाराला कुलूप! ऐन दिवाळीच्या तोंडावर दिवसभराची शिलाई बुडाली, भाडे गेले ते निराळेच.

मग दुसरे आवतण सरळ पुसून टाकावे का? घाई करू नये. दुसऱ्याने धाडलेले आवतण पुसले, तर पुष्कळ कॅलेंडरांतून त्याच्याकडे 'येणार नाही' असा निरोप जातो. माझ्या लेकीने एकदा असेच केले, तर वरिष्ठांचा लगेच फोन, "बैठकीला नकार का कळवला?" पोर रडकुंडीला आली.

प्रथम दोन्ही उघडून पाहावीत. ज्यात बोलावणारीचे नाव, इतर पाहुण्यांची यादी व बैठकीचा दुवा असेल ते ठेवावे. आपण टिपलेले खुशाल पुसावे. दोन खात्यांमुळे दोन दिसत असतील तर काहीच पुसू नये. एका खात्याच्या कॅलेंडरापुढील खूण काढली की ते नजरेआड होते, नकार कुणाला जात नाही. बोलावणारीनेच दोन धाडली असतील, तर कोणते खरे हे तिलाच विचारावे आणि दुसरे तिलाच रद्द करू द्यावे. दर आठवड्याची बैठक असेल तर फोन विचारतो, हीच एक पुसू की पुढच्या सगळ्या? तिथे चष्मा लावून वाचावे.

आणि दोन दिसली म्हणजे जास्तीचीच, असेही नाही. पंचांगात कधी स्मार्त एकादशी आणि दुसऱ्या दिवशी भागवत एकादशी असते. नाव एक, पण पाळणारी घरे वेगळी. तसे एकाच नावाच्या बैठका सकाळी कार्यकारिणीची व दुपारी सर्वांची असू शकतात.

आपल्या चिटणीसबाईंना माझी विनंती आहे की, मंडळाची आवतणे एकाच खात्यातून जावीत, आणि दिवस बदलला तर जुनेच उघडून दुरुस्त करावे. ज्यांच्याजवळ साधा फोन आहे त्यांना घरी जाऊनच सांगावे लागेल. आमच्या गल्लीतल्या चार घरांचे काम मी पत्करते.