कर्नल आणि त्याची अवजारे

ज्या अवजाराने वस्तू घडते त्या अवजाराचा गुणदोष वस्तूत उतरतो, ही गोष्ट सुताराला किंवा लोहाराला शिकवावी लागत नाही. संगणकाच्या क्षेत्रात मात्र तिचा सहज विसर पडतो.

१९९१ साली हेलसिंकी येथे शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कर्नल प्रसिद्ध केला. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा होय. स्मृतीची वाटणी, यंत्राच्या निरनिराळ्या भागांचे नियंत्रण आणि फाइलींची राखण ही त्याची कामे. हा गाभा मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. पण यंत्राला सी भाषा कळत नाही. मूळ मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर कंपायलर करतो, रूपांतरित भाग लिंकर सांधतो आणि कोणते काम कशानंतर व्हावे हे मेक ठरवितो. यांतील जीसीसी हा कंपायलर १९८७ पासून उपलब्ध असून लिनक्सची घडण प्रथमपासून त्याच्याच आधारे झाली.

ही अवजारे व कर्नल यांची वाढ मात्र स्वतंत्रपणे होत असते. म्हणून प्रत्येक अवजाराची किमान कोणती आवृत्ती हवी, याचे कोष्टक कर्नलच्या कागदपत्रांत दिलेले असते. ही मर्यादा खाली ठेवली, तर जुन्या यंत्रणेवर काम करणाऱ्यांनाही कर्नल घडविता येतो. पण जुन्या कंपायलरांच्या दोषांतून वाट काढण्याचा भार लेखकांवर पडतो. मर्यादा वर नेली, तर मजकूर सुटसुटीत होतो. पण काही जण मागे राहतात. २००२ साली आलेली जीसीसी ३.२ ही आवृत्ती २०१८ पर्यंत चालत असे. त्या वर्षी मर्यादा ४.६ वर, २०२० साली ४.९ वर, २०२१ साली ५.१ वर आणि २०२५ साली ८.१ वर नेण्यात आली.

या निर्णयांमागे केवळ सोय नसते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. आर्म कंपनीच्या ६४ बिटी रचनेच्या प्रोसेसरांवर फाइलींच्या नोंदींचा ताळा अधूनमधून जुळेनासा होई. दोष नियमाने घडत नसल्यामुळे त्याचा माग काढणे फार अवघड होते. अखेर मूळ सापडले ते कर्नलच्या मजकुरात नव्हे, तर जीसीसीच्या ५.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत. एखादे उपकार्य संपताना आपली तात्पुरती जागा परत करते. हा कंपायलर कधी कधी जागा परत केल्यानंतर तिच्यातील मूल्य वाचण्याची आज्ञा निर्माण करीत असे. नेमक्या त्याच क्षणी यंत्राच्या एखाद्या भागाकडून व्यत्यय आला, की ती जागा दुसऱ्या कामाला लागे आणि मूल्य बिघडे. मूळ मजकूर कितीही बारकाईने वाचला, तरी त्यात चूक दिसणे शक्य नव्हते. २०२१ च्या जानेवारीत त्या रचनेसाठी ५.१ ही किमान आवृत्ती ठरविण्यात आली. सर्व यंत्रांसाठी तोच नियम त्याच वर्षी पुढे झाला.

या बदलाचा आणखी एक लाभ झाला. तोवर कर्नल सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणरूपाला धरून होता. त्यामुळे आवर्तनात वापरलेले चल आवर्तनाबाहेरही शिल्लक राही आणि चुकून वापरले जाई. किमान कंपायलर नवा असल्याची खात्री होताच २०२२ मध्ये, कर्नलच्या ५.१८ या आवृत्तीत, २०११ चे प्रमाणरूप स्वीकारता आले.

नवेपणानेही अडचणी उद्भवतात. २०२५ साली आलेली जीसीसी १५ ही आवृत्ती वेगळे सांगितले नाही, तर भाषेचे २०२३ चे रूप गृहीत धरते. पूर्वी साधी नावे असलेले काही शब्द त्या रूपात राखीव झाले आहेत. परिणामी जुन्या कर्नलांचे जे भाग आपले प्रमाणरूप स्पष्ट सांगत नव्हते, त्यांची बांधणी अडू लागली. रस्ट भाषेचा अनुभव याहून कडक आहे. २०२२ च्या अखेरीस ती कर्नलमध्ये आली, तेव्हा तिच्या कंपायलरची एकच नेमकी आवृत्ती चालत असे. भाषेच्या अद्याप स्थिर न झालेल्या सोयींवर तो भाग उभा होता, हे त्याचे कारण. अमुक आवृत्ती व तिच्यापुढील आवृत्त्या, असा नियम करणे २०२४ सालीच शक्य झाले.

केवळ आवृत्तीचा क्रमांक पुरेसा असतो, असेही नाही. एखादी सुधारणा वितरक जुन्याच आवृत्तीत घालून देतो, आणि क्रमांकावरून ती ओळखता येत नाही. यास्तव २०१८ पासून कर्नलची जुळवणी करणारी यंत्रणाच कंपायलरला एखादी सोय अवगत आहे काय, हे प्रत्यक्ष करून पाहू शकते. नाव विचारण्यापेक्षा काम करवून घेऊन पाहावे, हाच कारागिरांचाही जुना रिवाज आहे.

सारांश, किमान आवृत्तीचे ते कोष्टक म्हणजे एक करार होय. कोणत्या अवजारांवर विश्वास ठेवावयाचा आणि कोणाला किती काळ सोबत घेऊन चालावयाचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात दिलेली असतात. ती वेळोवेळी तपासून घेणे हे कर्नल लिहिण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे.