परत ये म्हटलं, तेव्हा ती थांबली



शौर्यपदक म्हटलं की आपल्याला रणांगण आठवतं. पण काही पदकं लढाईबाहेरच्या धाडसासाठी असतात. परमवीर चक्र शत्रूसमोरच्या पराक्रमाला, तर अशोक चक्र त्यापलीकडच्या शौर्याला. ते साध्या नागरिकालाही मिळू शकतं. १९८७ मध्ये ते विमान कर्मचारी नीरजा भनोत यांना मरणोत्तर मिळालं. ब्रिटनमध्ये १९४० पासून असाच जॉर्ज क्रॉस आहे. त्याचा मान व्हिक्टोरिया क्रॉसच्या बरोबरीचा.

या जॉर्ज क्रॉसची एक मानकरी म्हणजे नूर इनायत खान. वडील हजरत इनायत खान, सूफी आणि गायक, मूळचे बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौला बख्श गायकवाडांच्या दरबारातले नामवंत संगीतकार. नूर १९१४ मध्ये मॉस्कोत जन्मली, फ्रान्समध्ये वाढली, मुलांसाठी गोष्टी लिहायची. १९३९ मध्ये तिचं जातक कथांचं पुस्तक आलं. पुढच्या वर्षी ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला विभागात वायरलेस शिकत होती. जून १९४३ मध्ये तिला गुपचूप जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरवलं गेलं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे तिच्या कामातला धोका मला चटकन कळतो. संदेश हवेत सोडला की तो कुठून सुटला हे शत्रूला शोधता येतं. जितका वेळ बोलाल, तितके पकडणारे जवळ येतात. म्हणून वायरलेसची पेटी उचलायची आणि जागा बदलत राहायचं.

काही दिवसांतच तिच्या गटातले बहुतेक जण पकडले गेले. लंडनने सांगितलं, परत ये. तिनं नकार दिला. ती गेली असती तर मागे राहिलेल्या साथीदारांचा लंडनशी संपर्क तुटला असता.

ऑक्टोबरमध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली. तिनं पळायचा प्रयत्न केला, फसला. 'पुन्हा पळणार नाही' असं लिहून द्यायला तिनं साफ नकार दिला, म्हणून कित्येक महिने साखळदंडात काढले. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाउच्या छावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस जाहीर झाला.

तिचं काम बिनचूक नव्हतं. पाठवलेल्या संदेशांची वही तिनं जपून ठेवली होती. ती जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या नावानं लंडनला खोटे संदेश गेले. हेही सांगायला हवं. तरीही पदक दिलं गेलं, कारण जायची मुभा असताना ती जागेवरून हलली नाही.

एक विनंती. कुणी आपल्या निष्ठेचा पुरावा मागितला, तर नूरचं नाव दाखल्यासारखं पुढे करू नका. तिनं कुणाला दाखवण्यासाठी काही केलं नव्हतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला युद्ध येणार नाही. पण 'तू निघ, तुला कोणी नावं ठेवणार नाही' असं सांगणारा क्षण प्रत्येकाला गाठतो. पुराच्या पाण्यात, मोहल्ल्यातल्या तणावात, ऑफिसमध्ये कुणावर अन्याय होत असताना. तेव्हा निघण्याआधी एवढंच बघा, आपण गेलो तर मागे कोण एकटं पडेल.