रविवारची सुट्टी आणि आमचा फुटबॉल
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या ठिकाणी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही दहावी नापास. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं आयुष्य काढलं आणि जे काही वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर. म्हणून ज्यातलं आम्हाला कळतं त्यावरच बोलतो. आम्ही अठरा वर्षं फुटबॉल खेळलो. हसू नका, पोट आता सुटलंय.

आमचा जन्म १९६७ च्या भूकंपानंतरचा. त्या काळी पाटण भागात खेळ म्हणजे कुस्ती आणि कबड्डी. कुस्तीला खुराक लागतो, तो आमच्या घरात कुठला? फुटबॉल आला तो कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतल्या पोरांकडून. त्यांनी टाकून दिलेला एक फाटका चेंडू आम्हाला मिळाला. भात कापून झालं की खाचरं मोकळी व्हायची, त्यात आम्ही खेळायचो. भाताचे बुडखे पायात घुसायचे. बूट नव्हतेच. पुढं वाचनात आलं की १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून फक्त एका गोलनं हरले. तेव्हापासून आम्ही अनवाणी खेळल्याचं कौतुकानं सांगतो, इतकंच.

चेंडूबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण पोरांना आज त्याची किंमत नाही. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, आत रबराचा ब्लॅडर, तोंडाला चपलेसारखी लेस. पावसात भिजला की असा जड व्हायचा, की डोकं लावायला कुणी पुढं येत नसे. चांगल्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावं असा नियम आहे. आमचा पाणी पिऊन किती व्हायचा कोण जाणे. टाके उसवले की आळीतले एक म्हातारबा, चपला शिवणारे, ते दुहेरी दोरा ओवून शिवून द्यायचे. पैसे घेत नसत, फक्त म्हणायचे, "गोल किती केले ते सांगा आधी." बत्तीस तुकड्यांचा चेंडू असतो, वीस सहा कोनांचे आणि बारा पाच कोनांचे, हे आम्हाला त्यांच्या ओट्यावर बसून कळलं, शाळेत भूमितीत कळलं नव्हतं.

आणि बंधूंनो, हा चेंडू कोण शिवतं? फाळणीपूर्वी खेळाच्या सामानाचं मोठं केंद्र सियालकोट होतं. १९४७ नंतर तिथले कारागीर जालंधरला आले आणि तिथं हा धंदा उभा राहिला. त्यात चामडं कमावणारे आणि शिवणारे हात मोठ्या संख्येनं आपल्याच दलित वस्त्यांतले. म्हणजे चेंडू शिवायचा आपण, आणि मैदानात जायला मात्र परवानगी मागायची. क्रिकेटमध्ये पाळवणकर बाळूंचं तेच झालं. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज, पण पुण्यात त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात.

आमचाही अनुभव सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण आज तिथली पोरं आपल्याकडे खेळायला येतात. तिथं स्पर्धा होती. मध्यंतरात पाण्याचा हंडा आला. त्यांच्या संघाला तांब्या मिळाला. आमच्या पुढं एकजण वाटी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ओंजळ करा. आमचा गोलरक्षक काही बोलला नाही, माघारी फिरून गोलात जाऊन उभा राहिला. मग आम्ही सगळेच फिरलो. उरलेला सामना कोरड्या घशानं खेळलो. हरलो, तीन-एक.

पुढल्या वर्षी जायचं की नाही यावर आळीत दोन बैठका झाल्या. वडीलधारे म्हणाले, कशाला जाता अपमान करून घ्यायला? आम्ही गेलो, आणि स्वतःची घागर घेऊन गेलो, तांब्याचा पेला सोबत. मध्यंतरात घागर मैदानाच्या मधोमध ठेवली आणि दोन्ही संघांना म्हणालो, या. पहिल्या वर्षी त्यांच्यातलं कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांचा एक डावखुरा पोरगा आला, पाणी प्याला आणि पेला विसळून परत ठेवला. तिसऱ्या वर्षी घागर पुरली नाही. याला कुणी क्रांती म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण त्या तीन वर्षांत एकही भाषण झालं नव्हतं, हे लक्षात घ्या.

पुढं पोटासाठी कोल्हापूरकडे सूतगिरणीत लागलो. आणि तिथं डोळे उघडले! फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापुरात जाऊन बघावं. संघांची नावं काय, तर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीच्या तालमींनी लाल मातीबरोबर फुटबॉलही धरला. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन १९४० पासून आहे. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने लागले की रस्ते ओस. मारामाऱ्याही होतात, ते काही चांगलं नाही. पण त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आम्ही त्या मोठ्या संघांत नव्हतो. गिरणीच्या पोरांचा आमचा साधा संघ होता. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटायचं, डोक्यातला कापूस झटकायचा, चहा-पाव खायचा आणि आठला मैदानावर. झोप दुपारी.

तेव्हा आळीतले एक जाणते गृहस्थ आम्हाला म्हणाले होते, "बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा सांगितलं, खेळा कुठं सांगितलं?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला आम्हाला दहा वर्षं वाचावं लागलं.

खेळायला आधी वेळ लागतो. विलायतेत १८५० च्या कारखाना कायद्यानं बाया आणि पोरांचं शनिवारचं काम दुपारी दोनला संपायला लागलं. हळूहळू पुरुषांनाही ती सुट्टी मिळाली, आणि शनिवारी दुपारी फुटबॉल पाहायची रीत पडली ती त्यामुळं. आज ज्यांचे बनियन पोरं घालतात तो मँचेस्टर युनायटेड १८७८ साली रेल्वे कामगारांनी काढला, आर्सेनल १८८६ साली दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी. आपल्याकडे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. आणि बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे मंत्री असताना आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनीच मांडली. ते सहा तास कुठं गेले? काहींचे गुत्त्यावर गेले, हेही खरं आहे. आमचे मैदानावर गेले. आमच्या अकरांपैकी दोघे दारूनं गेले, दोघेही खेळ सुटल्यानंतर. त्यावर जास्त बोलत नाही, त्यांच्या घरची माणसं इथं बसलेली आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समितीनं विहारामागच्या मोकळ्या जागेत सभागृह बांधायचं ठरवलंय. लग्नकार्याला जागा पाहिजे, आयाबहिणींना पावसात मांडवात स्वयंपाक करावा लागतो, हे आम्हाला मान्य आहे. वर्गणी आम्हीही देणार. पण नकाशा आम्ही बघितला. सभागृह जागेच्या बरोबर मधोमध काढलंय. तसं बांधलं तर चारी बाजूंना चार बोळ उरतील, खेळायला काही उरणार नाही. आम्ही गेल्या रविवारी पोरांना घेऊन दोरीनं जागा मोजली. पुऱ्या फुटबॉलला लांबी किमान ९० मीटर लागते, तेवढी आपल्याकडे नाहीच. पण सभागृह रस्त्याच्या अंगाला, भिंतीला धरून सरकवलं, तर सात-सात जणांचा खेळ होईल एवढी जागा राहते. स्वयंपाकघर विहिरीच्या जवळ येतं, तो फायदा वेगळाच. इंजिनिअर साहेबांना आम्ही विचारलं. पाया त्या बाजूला जास्त खोल घ्यावा लागेल, खर्च थोडा वाढेल म्हणाले. तो वाढीव खर्च जुन्या खेळाडूंनी उचलावा असं आमचं चाललंय. मुंबई-पुण्याला गेलेल्या सहाजणांनी फोनवर होकार दिलाय.

आणखी एक. गेल्या पावसाळ्यापासून आळीतल्या नऊ मुली संध्याकाळी तिथं खेळतात. पोरगे अंधार पडला तर शाळेच्या मैदानावर जातील, वाळवंटात जातील. मुलींना तेवढं लांब कोण सोडणार? त्यांच्या आयांना विचारा. ही जागा गेली तर पहिला खेळ त्यांचा बंद होईल. म्हणून बैठकीत या मुलींच्या आयाही बोलवाव्यात अशी अध्यक्षांना विनंती आहे.

बैठक पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे. आम्ही आठपासून मैदानावर असू, दोरी आणि चुना घेऊन. सभागृह कुठं येईल आणि गोल कुठं राहील ते आखून ठेवतो, म्हणजे कागदावर भांडायला नको. चेंडू मुली आणणार आहेत. पंप आमच्याकडे आहे, त्याची पिन मोडलीय. कुणाच्या घरी असली तर घेऊन या. जयभीम.