झुडपांचे रान आणि जुना लोडर

अमेरिकेतील टेक्सस राज्यात एडवर्ड्स पठारावर गुरे राखणाऱ्या माणसाचा नित्याचा शत्रू म्हणजे झुडूप. कुरणात मेस्कीट आणि जुनिपर माजले की गवत मागे हटते आणि गुरांच्या तोंडचा चारा जातो. या मेस्कीटचे नाते इकडच्या श्रोत्यांना परके वाटू नये. एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून हिंदुस्थानात आलेली आणि आज गुजरातेपासून दख्खनपर्यंत पडीक जमिनी व्यापून बसलेली वेडी बाभूळ ही त्याच कुळातली. तिचा काटा किती खोल जातो, हे निराळे सांगावयास नको.

या झुडपांशी झुंजण्यासाठी तिकडचा पशुपालक बहुधा स्किड-स्टिअर लोडर नावाचे बुटके यंत्र वापरतो. त्याची चाके मोटारीप्रमाणे वळत नाहीत. एका बाजूची चाके आवरून दुसऱ्या बाजूची फिरविली म्हणजे यंत्र जागच्या जागी घसरत वळते. बैलगाडी वळविताना गाडीवान एका बैलाला थोपवून दुसऱ्याला हाकतो, तसाच हा प्रकार. १९५७ साली मिनेसोटा राज्यातील लुई आणि सिरिल केलर या बंधूंनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी असे पहिले तीनचाकी यंत्र बांधले. त्याला कोठाराच्या खांबाखांबांमधून वळत खत काढावयाचे होते. पुढे मेलरो कंपनीने ते उचलले, १९६० साली त्याला चार चाके आली आणि १९६२ पासून त्याचे बॉबकॅट हे नाव रूढ झाले. आता अनेक कंपन्या तसली यंत्रे करतात. पण कोठारात जन्मलेले हे यंत्र रानात न्यावयाचे तर त्याच्याकडून निराळ्या गोष्टी मागाव्या लागतात. नवे घेण्याची ऐपत लहान पशुपालकाला क्वचितच असते. तेव्हा प्रश्न उरतो तो वापरलेल्या यंत्राच्या पारखीचा.

पारखीचा आरंभ यंत्रापासून नव्हे, झुडपापासून करावा. पठारावरचा अ‍ॅश जुनिपर जमिनीलगत, सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली कापला की पुन्हा फुटत नाही. त्याचाच भाऊ रेडबेरी जुनिपर मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटतो. मेस्कीटचे डोळे तर जमिनीखालच्या खोडावर असतात. ते वरून कितीही कापले तरी वर्षभरात एका खोडाच्या जागी दहा धुमारे येतात. ते डोळ्यांच्याही खालून खणून उपटावे लागते, नाहीतर कापल्यावर बुंध्याला औषध लावावे लागते. ज्याच्या रानात अ‍ॅश जुनिपर आहे त्याला कापणारे अवजार पुरते. ज्याच्याकडे मेस्कीट आहे त्याला उपटणारे हवे. हे न ठरविता यंत्र पाहावयास जाणारा माणूस विकणाऱ्याच्या रंगावर भुलतो.

अवजार ठरले की हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह पाहावा. साधे यंत्र मिनिटाला सुमारे ६५ ते ९५ लिटर तेल अवजाराकडे पाठविते. झुडपे कापणारे बेताचे फिरते पाते तेवढ्यावर चालते. पण झाड उभेच्या उभे भरडून भुगा करणारे अवजार घ्यावयाचे तर ११५ लिटरांवरचा, ज्याला तिकडे हाय-फ्लो म्हणतात तो, प्रवाह लागतो. असे अवजार स्वतःच टनभर वजनाचे असते. उचलण्याची जी क्षमता कंपनी छापते ती चाकांच्या यंत्रात पुढे उलटण्याच्या भाराच्या निम्मी धरलेली असते, हेही ध्यानात असावे. गवताचा एक मोठा गोल भारा ४५० ते ६०० किलो भरतो. चढावर तो उंच धरून वळणाऱ्याला छापील आकडा वाचवीत नाही.

आता प्रत्यक्ष यंत्र. येथे एक गंमत आहे. इंजिन थंड असताना पाहावे आणि हायड्रॉलिक यंत्रणा तापल्यावर पाहावी. विकणाऱ्याला बहुधा याच्या उलट हवे असते. गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवले की सकाळची कुरकुर झाकली जाते. म्हणून पोहोचताच हुडावर हात ठेवावा. उलटपक्षी, झिजलेला पंप थंड, घट्ट तेलात जोर दाखवितो आणि तेल तापून पातळ झाले की हात टेकतो. तेव्हा अर्धा तास तरी मातीच्या ढिगाऱ्यावर काम करून घ्यावे. ढिगाऱ्याला टेकून रेटताना दोन्ही बाजूंची चाके सारख्याच जोराने फिरली पाहिजेत. एक बाजू दबली तर त्या बाजूची मोटार अथवा पंप थकला आहे, आणि ती दुरुस्ती पुष्कळदा साऱ्या सौद्यावर पाणी फिरविते.

तास मोजणाऱ्या घड्याळावर फार विश्वास ठेवू नये. घड्याळ बदलता येते. पायाखालच्या पट्ट्या गुळगुळीत आणि बैठक फाटलेली असून घड्याळ आठशे तास दाखवीत असेल तर पट्ट्यांचे ऐकावे. बकेट जमिनीवरून थोडी उचलून हाताने हलवावी. पिना आणि बुश किती झिजले ते लगेच कळते. चाक उचलून पुढेमागे हलविल्यास आतल्या साखळीचा ढिलेपणा हाताला लागतो. टायर हवेचे असतील तर काट्यांच्या रानात ते टिकावयाचे नाहीत. फेस भरलेले किंवा भरीव टायर किमतीत धरावेत. पोटाखालची झाकणे उघडून पाहावीत. तेथे वाळका पाला आणि तेल साचते, आणि आगीला तेवढे पुरते.

परंतु या साऱ्याच्या आधी एक परीक्षा करावी. चालकाच्या मांडीवर येणारा दांडा वर केला की चाके आणि बाहू दोन्ही अडकली पाहिजेत. या यंत्रात चालक बहुधा पुढूनच चढतो, दोन्ही बाहूंच्या मधून. बाहू आणि सांगाडा यांच्यात चिरडून माणसे मेली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने १९९८ साली यासंबंधी इशारापत्रच काढले. तथापि हा अडथळा कामात कटकट करतो म्हणून त्याच्या तारा जोडून तो निकामी केलेली जुनी यंत्रे बाजारात येतात. दांडा वर असताना बाहू हलले, तर अशी यंत्रणा पूर्ववत होईपर्यंत पैसे मोजू नयेत, मग रंग कितीही ताजा असो. पुढे जाड पारदर्शक दरवाजा आहे की नाही तेही येथेच पाहावे. फिरत्या पात्याने भिरकावलेली ढलपी उघड्या तोंडातून थेट चालकावर येते.

राहता राहिली कागदपत्रे. एका कंपनीच्या कित्येक यंत्रांना एकच किल्ली लागते, त्यामुळे ती चोरीला फार जातात. सांगाड्यावरील क्रमांकाची पट्टी खरवडलेली अथवा नव्याने ठोकलेली दिसली तर परतीची वाट धरावी. क्रमांक शाबूत असल्यास त्यावर कोणाचे कर्ज बाकी नाही याची लेखी खात्री घ्यावी. आणि मग टायर, साखळी, दरवाजा यांचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करून बोलीला बसावे.